गाडी धूर मारतेय? इंजिन उघडायच्या आधी हे बघा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, सायलेन्सरमधला धूर आणि गाडीत येणारा वास. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "मेकॅनिक म्हणतोय इंजिन काम करावं लागेल". म्हणून सुरुवातीलाच सांगतो, नुसता रंग बघून कोणालाही इंजिन उघडायला देऊ नका. धूर नेमका कधी येतो, सकाळच्या पहिल्या स्टार्टला, रेस दिल्यावर की उतारावरून आल्यावर, त्याला वास कसला आहे, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) किंवा ऑइल यातलं काय कमी होतंय हे आठवडाभर बघा आणि वहीत लिहून ठेवा. ही वही गॅरेजला घेऊन गेलात तर अर्धं निदान तिथेच होतं. आता एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही निफाडला राहतो. पेट्रोल गाडी आहे, पाच वर्षांची. थंडी पडल्यापासून सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि पाण्याचे थेंब पण पडतात. शेजारचे म्हणतात हेड गॅस्केट गेलं. बाकी गाडी मस्त चालते. काय करू?

काही करू नका, गाडी चांगली आहे. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतंच, एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर जातं. एरवी ते दिसत नाही. पण तुमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा डिग्रीवर येतो, सायलेन्सर रात्रभर गारठलेला असतो, मग तीच वाफ पांढरी दिसते आणि थोडी आतच थंड होऊन थेंब थेंब गळते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे पाणी अजून जास्त दिसतं कारण सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा तशी गाडी असलेल्यांनी पण घाबरू नका.

आता ही वाफच आहे याची खात्री कशी करायची, तर गाडी दहा मिनिटं चालवून या आणि मागे उभं राहून बघा. इंजिन गरम झाल्यावर धूर बंद झाला पाहिजे. दुसरं म्हणजे वाफ सायलेन्सरच्या तोंडापासून थोडी मागे गेली की हवेत विरून जाते, हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) गेल्यावर सिलिंडरमध्ये शिरलेल्या कूलंटचा धूर विरत नाही, मागे रेंगाळत राहतो. तिसरी आणि सगळ्यात पक्की गोष्ट, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर जिथे लेव्हल आहे तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि पंधरा दिवस रोज सकाळी बघा. लेव्हल हलली नाही तर विषय संपला.

एकच सांगतो, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर हे पाणी सायलेन्सरच्या डब्यात साठून राहतं आणि डबा आतून गंजतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. आणि बऱ्याच गाड्यांच्या डब्याला खालून एक बारीक भोक असतं, ते पाणी निघून जायला कंपनीनेच दिलेलं असतं, लोक ते लीक समजून वेल्डिंग करून बुजवतात, तसं करू नका.

प्रश्न : दादा, गेल्या महिन्यात गावी जाताना खंबाटकी घाटात गाडीचा टेंपरेचरचा काटा वर गेला. घाटात थांबायला जागा नव्हती म्हणून तशीच पुढे ढाब्यापर्यंत नेली आणि तिथे थंड करून पाणी टाकलं. तेव्हापासून गाडी गरम झाली तरी पांढरा धूर थांबत नाही, वास गोडसर येतो, आणि दर दोन-तीन दिवसांनी कूलंट टाकावं लागतं. मेकॅनिक म्हणतो एक पावडर मिळते, रेडिएटरमध्ये टाकली की लीक बंद होतं. टाकू का? (वाचक, सातारा)

पावडर टाकू नका आणि आता गाडी पण चालवू नका, टो करून न्या. आधीच्या पत्रातला धूर आणि तुमचा धूर दोन्ही पांढरेच, पण तुमच्याकडे गोड वास आहे, कूलंट कमी होतंय आणि इंजिन गरम झाल्यावरही धूर थांबत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक वेळा हेड गॅस्केटच असतं, क्वचित हेडलाच तडा गेलेला असतो.

झालं काय असेल ते सांगतो. आजकालच्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. इंजिन जास्त हीट झालं की ते किंचित वाकतं, डोळ्याला दिसणार पण नाही इतकं, पण हेड आणि ब्लॉकच्या मध्ये जे गॅस्केट असतं त्याची पकड सुटायला तेवढं पुरतं. मग कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं, तिथे उकळून धुरातून बाहेर पडतं. गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. हे विषारी असतं बरं का, गळलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांना चाटायला मिळू देऊ नका, लहान मुलांपासून तर लांबच ठेवा.

हेड खाली करायच्या आधी मेकॅनिककडून तीन-चार गोष्टी करून घ्या, यात इंजिन उघडावं लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून गाडी स्टार्ट करायची आणि कूलंटमध्ये सतत बुडबुडे येतात का बघायचं. येत असतील तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. प्लग काढून चारही शेजारी शेजारी ठेवायचे, ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय त्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळाच, धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. बऱ्याच गॅरेजला एक निळं लिक्विड असलेली नळी असते, ती कूलंटच्या टाकीवर धरली आणि लिक्विड पिवळं पडलं तर सिलिंडरचा गॅस तिथे पोचतोय हे नक्की. ऑइलच्या झाकणाखाली फिकट चहाच्या रंगाचा चिकट थर दिसतो तो पण बघतात, पण त्या एकट्यावर विश्वास ठेवू नका, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीत पण झाकणाखाली असा थर जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलच जर दुधाळ झालं असेल तर मात्र पाणी ऑइलमध्ये गेलंय, मग एकदाही स्टार्ट मारू नका.

पावडरला नाही का म्हणतोय, तर ती लीकचं भोक कुठलं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या कुठल्या हे ओळखत नाही. हीटरची कॉइल चोक होते, रेडिएटर अर्धा बंद होतो आणि गाडी अजून हीट व्हायला लागते. आणि तसंच रेटत राहिलात, एखाद्या रात्री सिलिंडरमध्ये बरंच पाणी साठलं आणि सकाळी सेल्फ मारला तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढे मग खरंच इंजिन काम. शिवाय कूलंट जळत राहिलं की ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) दोन्ही खराब होतात आणि कन्व्हर्टर ही स्वस्तातली वस्तू नाही.

काम करताना हेड लेथवर पाठवून सपाटी तपासून फेसिंग करून घ्या, तडा आहे का ते प्रेशर टाकून बघायला सांगा, आणि हेडचे बोल्ट नवीन घ्यायचेत का ते कंपनीच्या पुस्तकात बघा, बऱ्याच इंजिनांचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरता येत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुळात गाडी घाटात गरम का झाली ते शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. फॅन चालत नव्हता, थर्मोस्टॅट अडकला होता, वॉटर पंप गेला होता की नुसतंच साधं पाणी भरून रेडिएटर आतून गंजला होता? हे नाही शोधलं तर नवीन गॅस्केट पण पुढच्या घाटात जाईल.

पुढे कधी काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर फुल्ल गरमवर टाकून ब्लोअर जोरात लावा, तुम्हाला त्रास होईल पण इंजिनची उष्णता थोडी तरी बाहेर जाते, आणि पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. काटा लालमध्ये गेला असेल तर इंजिन बंद. बॉनेट उघडा पण कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, आतलं पाणी उकळत्या प्रेशरने अंगावर येतं. मी अशा भाजलेल्या हातांची माणसं बघितली आहेत म्हणून कळकळीने सांगतोय.

प्रश्न : सर मी सांगलीहून लिहितोय. सेकंडहँड हॅचबॅक घेतली, 2012 चं मॉडेल, पेट्रोल. घेताना बघितली तेव्हा धूर अजिबात नव्हता. घरी आणल्यावर रोज सकाळी स्टार्ट केली की निळसर धुराचा एक भपका येतो आणि मग बंद होतो. एक मेकॅनिक म्हणतो रिंग पिस्टन गेले, हाफ इंजिन करावं लागेल. दुसरा म्हणतो चालवा काही होत नाही. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नका ऐकू, आधी मोजा.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, जळक्या तेलाचा उग्र वास येतो, नाकाला लगेच कळतो. पण ऑइल सिलिंडरमध्ये जायला रस्ते वेगवेगळे आहेत आणि त्या प्रत्येकाचा खर्च पण वेगवेगळा आहे, त्यामुळे धूर कधी येतो हे इथे फार महत्त्वाचं. तुमच्याकडे रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी एक भपका आणि मग काही नाही. हे लक्षण जास्त करून व्हॉल्व सीलचं आहे. हेडमध्ये व्हॉल्वच्या दांड्यावर छोटी रबरी टोपी असते, वर्षं झाली की ती कडक पडते, रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी ते जळून जातं. याची अजून एक परीक्षा आहे, लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडून उतरायचं आणि खाली आल्यावर एकदम रेस द्यायची, मागच्या गाडीतल्याला निळा भपका दिसला तर सीलच. रिंग (पिस्टनभोवतीची कडी, ऑइल वर येऊ न देणारी) गेलेल्या असतील तर धूर सकाळपुरता नसतो, गाडी लोडवर ओढताना, ओव्हरटेक करताना, चढावर सतत येतो, पिकअप कमी होतो आणि ऑइल फिलरचं झाकण चालू इंजिनवर काढलं तर तिथून भकाभका वाफा येतात.

रिंग पिस्टन म्हणणाऱ्या मेकॅनिकला कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. चारही सिलिंडरचं प्रेशर कागदावर लिहून घ्या. ज्याचं कमी आलं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत टेस्ट करायची, आता प्रेशर वाढलं तर रिंग किंवा बोअर झिजलाय, तसंच राहिलं तर व्हॉल्व किंवा गॅस्केटकडे बघायचं. टेस्ट न करता हाफ इंजिन सांगणाऱ्याला गाडी देऊ नका. सील बदलायला बऱ्याच गाड्यांमध्ये हेड खाली पण करावं लागत नाही, सिलिंडरमध्ये हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व वर धरतात आणि स्प्रिंग काढून सील टाकतात. हाफ इंजिनच्या मानाने हे काम खूप छोटं आहे.

त्याच्याही आधी दोन फुकटच्या गोष्टी. डिपस्टिक बघा, ऑइल मॅक्सच्या वर तर नाही ना? सर्व्हिसिंगला जास्त ऑइल भरल्यामुळे धूर मारणाऱ्या गाड्या भरपूर असतात. आणि पीसीव्ही व्हॉल्व म्हणून एक छोटा पार्ट असतो, इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा, तो चोक झाला की आतलं प्रेशर वाढतं आणि ऑइल नको तिथून बाहेर पडतं. स्वस्त पार्ट आहे, आधी तो बदलून बघा.

मग मोजायला लागा. सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनला, डिपस्टिक पुसून लेव्हल बघायची, ऑइल मॅक्सला आणायचं आणि हजार किलोमीटर झाले की परत बघायचं. पाव लिटर कमी झालं असेल तर माझं मत, सील सावकाश करा, घाई नाही, फक्त दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघत जा. हजारात लिटरभर जात असेल तर मात्र टाळू नका, कारण ऑइल कमी होऊन इंजिन जॅम झालेलं मग कोणाच्याच हातात राहत नाही.

आणि आता जे गाडी घ्यायला निघालेत त्यांच्यासाठी. विकणारा तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवतो, भपका तेव्हाच निघून जातो, तुम्हाला स्वच्छ सायलेन्सर दिसतो. म्हणून फोनवरच सांगा की गाडी थंड पाहिजे, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा. पहिला स्टार्ट मारताना तुम्ही मागे उभे राहा, सोबतच्याला आत बसवा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा, कोरडी काजळी ठीक आहे, चिकट तेलकट काळं लागलं तर भाव तिथेच थांबवा.

प्रश्न : पुण्यातून लिहितेय. आमची डिझेल एसयूव्ही बीएस6 आहे. माझं ऑफिस घरापासून सहा किलोमीटर, गाडी त्यासाठीच वापरली जाते. अधूनमधून गाडीखालून खूप गरम, जळका वास येतो, गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात चालू राहतो, एकदा थोडा राखाडी धूर पण दिसला. परवा डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. आग लागेल का अशी भीती वाटते.

ताई, आग नाही, गाडी स्वतःची साफसफाई करतेय आणि तुमच्या सहा किलोमीटरमध्ये तिची ती पूर्ण होत नाहीये. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हापासून डिझेल गाड्यांना डीपीएफ आला, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून फिल्टरचं तापमान 600 डिग्रीच्या आसपास नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते, याला रीजनरेशन म्हणतात. त्या वेळी आयडलिंग थोडं वर जातं, ॲव्हरेज पडतो, फॅन जोरात चालतो, गरम धातूसारखा उग्र वास येतो आणि कधी कधी थोडा पांढरट-राखाडी धूर दिसतो. हे सगळं नॉर्मल आहे. फक्त त्या वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाल्यावर गाडी उभी करू नका, तिथे मात्र आगीचा धोका खरा आहे.

अडचण अशी आहे की रीजनरेशनला गाडी सलग आणि बऱ्या वेगात चालावी लागते. सिग्नल, ट्रॅफिक, पार्किंग, की इंजिन बंद, असं दर वेळी अर्ध्यावर तुटलं की काजळी साठत जाते. आणि एक गोष्ट जी शोरूममध्ये गाडी घेताना कोणी सांगत नाही, जास्तीचं टाकलेलं डिझेल पूर्ण जळलं नाही की थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोकांना वाटतं चांगलंच आहे की, ऑइल खात नाही गाडी. तसं नाही हो, ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला सांभाळू शकत नाही. उद्या सकाळी डिपस्टिक बघा, मॅक्सच्या वर असेल, डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर झालेले नसले तरी ऑइल बदलून घ्या.

आता दिवा नुसता लागलाय आणि गाडीचा पिकअप ठीक आहे तर मोकळ्या रस्त्यावर, एक्सप्रेसवे किंवा सातारा रोडला, एक गिअर खाली ठेवून दोन हजारच्या वर आरपीएमने वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, नेमका वेग किती ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दिवा गेला की झालं. दिवा ब्लिंक होतोय, सोबत चेक इंजिन आलंय किंवा गाडी ओढतच नाहीये तर मग सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावून रीजनरेशन करून घ्यावं लागेल. ऑइल पण कमी राख सोडणारं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, दुसऱ्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही.

बाहेर काही ठिकाणी डीपीएफ काढून सॉफ्टवेअर बदलून देतात. ते बेकायदेशीर आहे आणि ती काजळी तुमच्या मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या छातीत जाते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. आणि अगदी मनापासून सांगायचं तर रोज सहा किलोमीटर असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या.

प्रश्न : लातूरहून. आमचा जुना डिझेल पिकअप काळा धूर लई मारतो, चढाला तर मागचं काहीच दिसत नाही. पीयूसी पण होईना. पंपाचं काम सांगितलंय, करावं का?

डिझेल पंपाचं काम सगळ्यात शेवटी करा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, आणि तुमच्याकडच्या धुळीत पहिला संशय एअर फिल्टरवर. तो काढून उन्हाकडे धरून बघा, पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवेने झाडत बसू नका, नवीन टाका. टर्बो असेल तर टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी होस हाताने चाचपून बघा, खालच्या बाजूला चीर असते, ती वरून दिसत नाही, तेलाचा ओला डाग आणि रेस दिल्यावर येणारा सुस्कार्‍याचा आवाज ही त्याची खूण. मग नोझल काढून टेस्टिंगला द्या, फवारा नीट बारीक पडतोय का थेंब गळतायत ते तिथे डोळ्यासमोर दिसतं. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व) असलेलं मॉडेल असेल तर तो कार्बनने भरलाय का बघा. एवढं करूनही फरक नाही पडला तर पंप. मध्ये कोणी जास्त ताकद पाहिजे म्हणून पंपाचं सेटिंग वाढवून दिलं असेल तर तेवढं पहिलं मूळ जागेवर आणा. बीएस4 च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा 65 युनिट आहे, गाडी धड असेल तर त्यात आरामात बसते. पीयूसी नसताना फिरलात तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

प्रश्न : काका, आम्ही ठाण्याहून कोकणात गणपतीला जातो. जुनी गाडी आहे, यंदा जाताना सामान जास्त म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून घेतली होती. माणगावला तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो, गाडीत धुराचा वास येत होता, मुलांना डोकं दुखून उलटीसारखं व्हायला लागलं. घाट लागला नव्हता तरी सगळे म्हणाले गाडी लागली. ऑक्सिमीटर होता त्यावर 98 दाखवलं म्हणून काळजी केली नाही. आता गाडीत काय बघू?

ताई, तुमचं पत्र आधी वाचलं आणि लगेच उत्तर कळवलं होतं, पण बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहितो कारण या सगळ्या प्रश्नांत जिवावर बेतणारा प्रश्न हा एकच आहे.

सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला जो वास आला तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग रक्त असून शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवात अशीच होते, डोकं जड, मळमळ, गुंगी, आणि गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी. लहान मुलांना लवकर. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, तो 98 दाखवत राहतो. त्या आकड्यावर कधीही विसंबू नका. सगळ्या काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून मोकळ्या हवेत न्या, आणि कोणाला गुंगी असेल, उलटी थांबत नसेल तर सरळ हॉस्पिटल, तिथे गेल्यावर गाडीचा धूर आत आला होता हे स्वतःहून सांगा.

उघड्या डिकीने काय होतं तर गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर मागे जायच्या ऐवजी डिकीतून आत ओढला जातो. डिकी उघडी ठेवून गाडी चालवायची नाही, सामान कॅरिअरवर टाका किंवा कमी न्या. ट्रॅफिकमध्ये पुढच्या ट्रकला चिकटून उभे असाल तर एसीची हवा आतल्या आत फिरवा, पण वास तुमच्याच गाडीचा असेल तर उलट, बाहेरची ताजी हवा पाहिजे.

गॅरेजला लिफ्टवर घेऊन मॅनिफोल्डचं गॅस्केट, मधला जाळीदार लवचिक पाइप, सायलेन्सरचे जोड आणि डब्याचा वरचा भाग बघायला सांगा, गंज वरच्या बाजूला असतो जिथे कोणाची नजर जात नाही. इंजिन थंड असताना स्टार्ट करून सायलेन्सरच्या तोंडावर थोडा वेळ जाड फडकं धरलं की जिथून लीक आहे तिथून फुसफुस आवाज येतो. जोडाभोवती काळी काजळी पसरलेली दिसली तर तिथेच लीक. मग डिकीचं रबर, मागच्या दिव्यांची रबरं आणि फ्लोअरला असलेले रबरी बूच बघा, एखादं गळून पडलेलं असतं.

बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, आणि प्रवासात थकल्यावर एसी लावून बंद गाडीत झोपायचं नाही. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, कुठलीही असो.

प्रश्न : नागपूर. गाडीतून सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. नेटवर वाचलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब. खरं का?

असू शकतं, पण मी आधी बॅटरी बघेन. इंधनातल्या गंधकामुळे कन्व्हर्टरमधून तो वास येतो, पण बीएस6 पेट्रोलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा भाग) असतं, आधी बीएस4 मध्ये 50 होतं, त्यामुळे हा प्रकार आता कमी झालाय. त्याउलट अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा) रेग्युलेटर बिघडला की बॅटरी ओव्हरचार्ज होते, आतलं ॲसिड उकळतं आणि अगदी हाच वास येतो, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकर. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत, 15 च्या वर दिसले तर तोच दोष. बॅटरी फुगलेली किंवा हाताला खूप गरम लागली तर इंजिन बंद करून लांब व्हा आणि जवळ काडी-सिगारेट नको, त्यातून हायड्रोजन निघतो. बॅटरी ठीक निघाली आणि वासासोबत ॲव्हरेज पण पडला असेल तर मग गाडीत पेट्रोल जास्त जातंय, स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर बघा. मूळ कारण न काढता नवीन कन्व्हर्टर टाकला तर तो पण जाईल.

प्रश्न : सावंतवाडीहून बेळगावला जाताना आंबोली घाटात दर वेळी जळका वास येतो, धूर दिसत नाही. इंजिनचा असेल का?

सावंतवाडीहून जाताना हा घाट चढायचा, म्हणून पहिला संशय क्लचवर, पण परत येताना उतरताना पण येतो का, ते लिहायला हवं होतं. चढताना येत असेल तर क्लच. वळणावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, हँडब्रेक लावून उचला. क्लच किती राहिलाय ते बघायला सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वर पळाला आणि वेग वाढला नाही तर प्लेट संपली. उतरताना येत असेल तर ब्रेक पॅड तापतायत, वास पुढच्या चाकांपाशी जास्त येईल. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. पेडल नरम वाटायला लागलं तर बाजूला थांबून वीस मिनिटं थंड होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुढच्या वेळी घाट उतरायच्या आधी बदलून घ्या.